पारुबाईचा क्लच

गोरेगावच्या मुबश्शीर मिस्त्रीनं थावराच्या जुन्या कारचं निदान दिवाळीतच करून टाकलं होतं. गाडी झटके खाते, कारण थावराची बायको पारुबाई क्लचवर पाय ठेवून चालवते. बोनेट न उघडता केलेलं हे निदान थावराला फार पटलं. त्यानं ते तांडाभर सांगितलं आणि बायकोकडून चावी काढून घेतली.

तेव्हापासून थावराच गाडी चालवत होता, आणि गाडी आधीपेक्षा जास्त झटके खात होती.

आज मुबश्शीरनं नाइलाजानं बोनेट उघडलं. चालू इंजिनवर पाण्याचा फवारा मारताच प्लगच्या एका वायरीतून तडतड ठिणग्या उडाल्या. वायर तापलेल्या सायलेन्सर पाइपाला टेकून जळली होती. प्लग बदलताना ती क्लिपमध्ये बसवायची राहून गेली होती, आणि दिवाळीच्या आधी प्लग मुबश्शीरनंच बदलले होते.

थावरा स्टिअरिंगवर होता, मागच्या सीटवर पारुबाई बसली होती. नवी वायर टाकून गप्प राहणं अगदी सोपं होतं. 

"चूक माझी होती, भाभी," तो इंजिनात तोंड घालून पुटपुटला.

"कोनाला सांगून राहिले, मिस्त्री? इंजनाला?"

त्यानं मान वर काढून पुन्हा सांगितलं. थावरानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि टायर निरखू लागला.

पारुबाईनं त्याच्या हातातली चावी घेतली. "नवी वायर टाका. मंग तुमी दोघं मागं बसा. बराबर झाली का न्हाई, चालवून पाहू."

आठवडी बाजार भरला होता, आणि निम्मा तांडा तिथंच होता. तिनं गाडी बाजारातूनच नेली, तीही सावकाश. मागच्या सीटवर दोघं जण वाकून पायाखाली काहीतरी शोधत होते.