विंझरच्या टाकीवरचा पहारा

भोरच्या एसटी स्टँडाजवळ समीनाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बिघाड सापडेपर्यंत ही पोरगी खुर्ची सोडत नाही, असा तिचा लौकिक. म्हणूनच दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात विंझरच्या दूध केंद्राचे चेअरमन सोनबा स्वतः तिला न्यायला आले.

वाटेत त्यांनी अडचण सांगितली. टाकीतलं दूध तापायला लागलं की छपरावरचा भोंगा वाजावा, म्हणून केंद्रातल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम होता. केंद्र सांभाळणाऱ्या बाळाबाई घरी जाताना पडद्यावरचं सगळं बंद करून जायच्या. त्यात तोही बंद व्हायचा. गेल्या आठवड्यात कूलिंग बंद पडलं, भोंगा गप्प राहिला आणि टाकीभर दूध नासलं. गावानं खापर बाळाबाईंच्या माथी फोडलं.

समीनाला उपाय ठाऊक होता. तोच प्रोग्राम सर्व्हिस म्हणून बसवायचा. मग तो मशीनबरोबर आपोआप सुरू होतो, पडद्यामागं चालत राहतो, आणि पडद्यावर दिसतच नाही, त्यामुळं कुणाच्या हातून चुकून बंद होत नाही.

केंद्रावर पोचल्यावर तिनं सर्व्हिस बसवली खरी, पण सुरू करताच ती बंद पडली. सोनबांचा चेहरा उतरला. समीनानं मात्र बाह्या सरसावल्या आणि विंडोजनं काय नोंदवलंय ते उघडलं. सेटिंगची फाईल सापडत नाही, अशी तक्रार होती. फाईल तर होती, पण कॉम्प्युटरवरच्या बाळाबाईंच्या खात्यात. सर्व्हिस चालत होती सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या खात्याच्या नावानं. आपल्या घरातला डबा शेजारच्या फडताळात शोधावा, तशातली गत.

तिनं सर्व्हिस बाळाबाईंच्या नावावर केली. विंडोजनं पुन्हा नकार दिला. आता मात्र ती शेजारी उभ्या बाळाबाईंकडे बघून हसली.

"मावशी, तुमच्या खात्याला पासवर्डच नाही. बिनपासवर्डाच्या नावावर विंडोज सर्व्हिस चालू देत नाही. तुमीच एक घाला, मला सांगू नका."

बाळाबाई कचरल्या. "म्या? आन परत काय बिघाडलं तर?"

"बिघडलं तर मी आहे की."

समीनानं तोंड फिरवलं. बाळाबाईंनी एकेक अक्षर शोधून पासवर्ड घातला, मग तोच सर्व्हिसलाही दिला. सर्व्हिस सुरू झाली आणि सुरूच राहिली.

पण करून बघितल्याशिवाय समीना उठणारी नव्हती. तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पासवर्ड मागणारा पडदा आला, पण तिनं तो कुणाला भरू दिला नाही; कुणी खातं न उघडताही सर्व्हिस चालते का, ते तिला बघायचं होतं. मग टाकीतली तापमान मोजणारी तार काढून तिनं गरम पाण्याच्या पातेल्यात सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. सोनबा काही बोलणार, तेवढ्यात भोंगा असा वाजला की रस्त्यावरचा टेम्पो थांबला आणि दुकानांतली माणसं धावत आली.

बाळाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "दूध गार हाय. आमी भोंगा तपासतोय," त्यांनी सांगितलं.

सोनबाही बाहेर आले. दूध नासलं त्या दिवशी बाईंचं चुकलं नव्हतं, मांडणीच चुकीची होती, आपण उगाच बोललो, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. बाळाबाईंनी तार धुऊन टाकीत सोडली आणि समीनाजवळ खुर्ची ओढली. सर्व्हिस चालू आहे का ते कुठं बघायचं, हे त्यांना आताच शिकून घ्यायचं होतं.