चौथ्या फळीवरची दोन खोकी

“सर, तिसऱ्या कवचात अठरा इलेक्ट्रॉन मावतात ना? मग पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथल्या दहा रिकाम्या जागा सोडून चौथ्या कवचात का जाऊन बसतो? तिसऱ्यात त्याला ढेकूण चावतात का?”

वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कोणीतरी खाजवल्याचा आवाजसुद्धा काढला.

खरं तर ढेकूण भिंगरीचे नव्हतेच, ते ताडमाडचे होते. ताडमाड म्हणजे तिची सगळ्यात उंच मैत्रीण. तिने आणि पोपटने मिळून पैज लावली होती, की भिंगरीने ढेकणांसकट हा प्रश्न विचारला तर आठवडाभर तिचं दप्तर त्या दोघी उचलतील. पोपट म्हणजे दुसरी मैत्रीण. एकदा वाचलं की हिच्या तोंडून ते जसंच्या तसं बाहेर पडायचं, म्हणून हे नाव. आणि भिंगरी? ती एका जागी बसायचीच नाही, म्हणून बाबांनी तिला लहानपणीच हे नाव लावलं आणि पुढे ते शाळेपर्यंत पोचलं. गेल्या वर्षीपर्यंत ही भिंगरी वर्गात तोंड उघडायला घाबरायची. या वर्षी काय झालं कोणास ठाऊक, तोंड उघडलं ते मिटेचना.

रसायनाच्या सरांनी खडू ठेवला. ते रागीट नव्हते, दमलेले होते. वर्षानुवर्षं तेच दोन-आठ-आठ फळ्यावर लिहून माणूस जसा दमेल तसे.

“खाली बस.”

“पण सर, ढेकूण सोडा, बाकीचा प्रश्न खरा आहे.”

“ते पुढच्या वर्षी. सायन्स घेणाऱ्यांना.” मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “तू तर कॉमर्स घेणार आहेस ना? मग तुला काय करायचंय त्या एकोणिसाव्याशी?”

आता हे खरं होतं. सोमवारी सगळ्यांनी पुढच्या वर्षीचे विषय सांगायचे होते, आणि तिघी मैत्रिणींनी कधीच ठरवून टाकलं होतं : कॉमर्स, एकच बाक, डब्यात वाटण्या. घरीही सगळे खूश होते. आईबाबांचं बुटांचं दुकान, एकुलती एक पोरगी, हिशेबात हुशार. घोडं कुठेच अडलेलं नव्हतं. रसायनापासून सुटका होणार म्हणून भिंगरी स्वतःच उड्या मारत होती.

पण “तुला काय करायचंय” हे शब्द तिला जाम झोंबले.

त्यात एक जुनं दुखणं होतं. मागच्या चाचणीत तिने पोटॅशियमपुढे लिहिलं होतं : दोन, आठ, नऊ. कारण सरळ होतं. लहानपणापासून दुकानात आईचा एकच नियम कानावर आदळत होता : “एक फळी भरल्याशिवाय वरच्या फळीला हात लावायचा नाही!” जागा असताना वर खोकी चढवणं म्हणजे आईच्या राज्यात गुन्हा होता. तेव्हा तिसऱ्या कवचात जागा असताना शहाणा इलेक्ट्रॉन चौथ्यात कशाला जाईल? सरांनी लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं : दोन, आठ, आठ, एक. का, ते लिहिलं नाही.

“अगं, पाठ कर ना,” पोपट घरी जाताना म्हणाली. भिंगरीचं दप्तर तिच्या खांद्यावर होतं. “दोन, आठ, आठ, एक. कॅल्शियम दोन, आठ, आठ, दोन. मी झोपेतसुद्धा म्हणते.”

“आणि त्याच्या पुढचं?”

“स्कँडियम. दोन, आठ, नऊ, दोन.”

भिंगरी रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला काहीतरी बोलून गेला. “काय? परत म्हण.”

“दोन, आठ, नऊ, दोन.”

“म्हणजे एकविसावा पुन्हा मागे तिसऱ्यात? अगं, मग जागा होतीच ना तिथे! मधल्या दोघांनी काय घोडं मारलं होतं?”

“मला काय माहीत? मूलद्रव्यांच्या तक्त्यावर तसंच आहे.”

“तुला चीड येत नाही?”

“नाही,” पोपट शांतपणे म्हणाली. “मार्क येतात.”

ताडमाड हसून हसून कुंपणाला टेकली. भिंगरीला मात्र हसू येईना. घरी पोचेपर्यंत तिने एक दगड लाथाडत आणला, आणि दारात पोचल्यावर तो पायरीवर ठेवून त्यालाही विचारलं, “तू का नाही गेलास तिसऱ्यात?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात नवा माल आला. पुठ्ठ्याच्या मोठ्या पेट्या दाराशी पडल्या होत्या, नव्या चामड्याचा वास सुटला होता. आई गल्ल्यावर होती. बाबा शिडीवर आणि भिंगरी खालून एकेक खोकं वर देत होती. तिचं तोंड अर्थातच चालूच होतं.

“बाबा, तुम्ही इलेक्ट्रॉन असता तर...”

“मी इलेक्ट्रॉन असतो तर शिडी चढावी लागली नसती. खोकं दे.”

तिसरी फळी चांगली खोल होती, तिच्यात दोन रांगा मावायच्या. पुढची रांग गच्च भरली. मागची जवळजवळ रिकामी होती, पण तिथे हात घालायचा तर पुढची सगळी खोकी काढायला हवीत. बाबांनी एकदा गल्ल्याकडे पाहिलं. आई गिऱ्हाइकाला मोज्यांचा भाव सांगत होती. बाबांनी पटकन हातातलं खोकं चौथ्या फळीवर सरकवलं. मग दुसरं. चौथ्या फळीच्या तोंडाशी विजेचा मीटर होता, म्हणून पुढे जेमतेम दोनच खोकी बसायची.

“बाबा! आईचा नियम!”

“श्श! हळू बोल.” बाबा शिडीवरून खाली वाकले. “तिसऱ्या फळीच्या मागच्या रांगेपेक्षा चौथीच्या पुढे ठेवणं सोपं असतं. कमी कष्ट. फळी कितवी ते कोण बघतो? हात कुठे सहज पोचतो ते बघायचं.”

“आणि आता? चौथीवर जागा संपली.”

“आता?” बाबांनी सुस्कारा सोडला आणि तिसऱ्या फळीची पुढची रांग उपसायला घेतली. “आता नाइलाज. मागे घुसायचं.”

भिंगरीच्या हातातलं खोकं धप्पकन खाली पडलं. एक बूट गडगडत थेट गिऱ्हाइकाच्या पायाशी गेला.

“एकोणिसावा! विसावा! आणि एकविसावा मागे!” ती किंचाळली. “दोन चौथीवर, मग परत तिसरीत! बाबा, तुम्ही अणू आहात!”

“काय झालं गं?” आई गल्ल्यावरून ओरडली. “आणि ती दोन खोकी चौथीवर कोणी ठेवली?”

“अणूने,” बाबा म्हणाले.

आता कोणी म्हणेल, बुटांच्या दुकानात आणि अणूत काय साम्य? भिंगरीलाही ते कळत होतं. तिसऱ्या फळीच्या पुढच्या रांगेत खोकी काही आठ नव्हती, बारा होती. पण मुद्दा पक्का सापडला होता : सगळी कवचं काही सरळ एकावर एक रचलेली नसतात. तिसऱ्याची मागची जागा चौथ्याच्या पुढच्या जागेपेक्षा महाग पडते, म्हणून आधी स्वस्तातली जागा घ्यायची. इलेक्ट्रॉन आईचा नियम पाळत नाहीत. बाबांचा पाळतात. चोरून.

शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधीच ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. सर काचेच्या नळ्या धूत होते. तिने श्वास न घेता सगळं सांगितलं : फळ्या, मीटर, शिडी, बाबा, आईचं ओरडणं. सरांचे हात मध्येच थांबले. नळीतून पाणी टपकत राहिलं.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. तुम्ही नाही सांगितलंत म्हणून शोधावं लागलं.”

सरांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. बाकी तोंड होतं तसंच राहिलं. “कल्पना बरोबर आहे. बऱ्यापैकी बरोबर आहे.”

भिंगरीला वाटलं आता आपल्याला पंख फुटणार.

“बरं,” सर म्हणाले आणि ओल्या बोटाने भिंतीवरचा तक्ता दाखवला. “मग चोविसावा लाव. क्रोमियम. तक्त्याकडे न बघता.”

सोपं होतं. वीसपर्यंत दोन, आठ, आठ, दोन. उरलेले चार तिसऱ्याच्या मागच्या रांगेत. “दोन, आठ, बारा, दोन!”

“आता बघ.”

तिने पाहिलं. क्रोमियमखाली बारीक अक्षरांत छापलं होतं : दोन, आठ, तेरा, एक.

ती तक्त्याला नाक लावून उभी राहिली. कदाचित छपाईची चूक असेल. कदाचित माशी बसली असेल. माशी नव्हती.

“हे काय? चौथीवर दोन ठेवून झाले होते ना! त्यातला एक उतरून मागे का गेला? कोणी सांगितलं त्याला? आणि गेला तर मागे चार बसल्यावरच का, आधी का नाही?”

“खोकी एकमेकांना ढकलत नाहीत,” सर म्हणाले. “इलेक्ट्रॉन ढकलतात. दोन खोकी शेजारी गुण्यागोविंदाने राहतील, दोन इलेक्ट्रॉन राहतीलच असं नाही. तिथून विचार कर.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या वर्षी.”

“सर!” भिंगरीने दोन्ही हात डोक्यावर आपटले. “तुम्ही प्रत्येक गोष्ट पुढच्या वर्षी का नेऊन ठेवता? तिथे काय गोदाम आहे?”

सर या वेळी खरंच हसले. अर्धवट नाही, पूर्ण, दात दिसतील असे. पण उत्तर दिलं नाही ते नाहीच. नळी उलटी करून वाळत ठेवली आणि म्हणाले, “घंटा झाली.”

त्या दिवशी मराठीच्या तासाला क्रोमियम, गणिताच्या तासाला क्रोमियम. मधल्या सुट्टीत ताडमाडने तिच्या डब्यातलं सगळं खाल्लं तरी तिला पत्ता लागला नाही. तिने तांबं बघितलं, तर तेही तसलंच आगाऊ निघालं : मागच्या रांगेत नऊ असायला हवेत तिथे दहा, आणि चौथीवर एकटाच बसलेला. म्हणजे क्रोमियम एकटं नव्हतं! यांची टोळी होती!

घरी जातानाही ती क्रोमियमबद्दलच बडबडत होती. कोपऱ्यावर ताडमाड म्हणाली, “तू सोमवारी सायन्स सांगणार.”

“मी कुठे असं म्हटलं?”

“म्हणायला कशाला हवं? सकाळपासून तुझ्या तोंडात दुसरं काही आहे का?”

पोपटने खांद्यावरचं दप्तर काढून रस्त्यावर ठेवलं. “मग घे तुझं दप्तर. आपलं एकच बाक ठरलं होतं.”

भिंगरीला वाटलं म्हणावं, नाही गं, कॉमर्सच, चल. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण त्याच्या मागोमाग लगेच आलं : मग क्रोमियमचं कोण बघणार? तक्त्यावरचं ते दोन, आठ, तेरा, एक आयुष्यभर तिच्याकडे बघून दात काढत राहील आणि ती बुटांची खोकी लावत राहील, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

“मला माझाच इतका राग येतोय ना!” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “मला कॉमर्सच हवं होतं. खरंच. ते ढेकूण कोणाचे होते? तुमचे! तुम्हीच मला विचारायला लावलंत!”

पोपटने ओठ आवळले. ताडमाडने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग वाकून दप्तर उचललं.

“पैज आठवड्याची होती,” ती म्हणाली. “आणि मधली सुट्टी दोन्ही वर्गांना एकदमच असते. चला आता, पाय दुखतायत.”

पोपट चार पावलं मागून आली. पाचव्या पावलाला म्हणाली, “तांब्याचं दोन, आठ, अठरा, एक. तुला विचारायचं असेल तर.” म्हणजे राग अर्धा उतरला होता.

संध्याकाळी दुकानात भिंगरीच्या आईबाबांची जुंपलेली होती. चौथ्या फळीवरची दोन खोकी अजून तिथेच होती.

“मी विचारते, मागे जागा असताना ही दोन इथे का?”

“अगं, काढेन ना.”

“कधी? माझ्या म्हातारपणी?”

मध्ये स्टुलावर एक गिऱ्हाईक एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा घालून बसलं होतं आणि कोण जिंकतं ते बघत होतं. भिंगरी दारातून आली. सरळ शिडीवर चढली. चौथ्या फळीवरच्या दोनांतलं एक खोकं तिने काढलं, तिसऱ्या फळीची पुढची रांग एकेक करून बाजूला ठेवली आणि ते खोकं मागे, पार मागे ढकललं.

“आता दुसरं,” आई म्हणाली.

“दुसरं तिथेच राहील.”

“का?”

“तेच तर मला माहीत नाही!” शिडीवरूनच भिंगरी ओरडली. गिऱ्हाइकाने दचकून दुसरा पाय वर घेतला. “कोणालाच सांगायचं नाहीये! तू म्हणतेस आधी फळी भर, पोपट म्हणते पाठ कर, सर म्हणतात पुढच्या वर्षी! सगळ्यांनी मिळून ते उत्तर मागच्या रांगेत दडवून ठेवलंय, आणि पुढे ही एवढी खोकी!”

“भिंगरे, खाली ये,” बाबा हळूच म्हणाले. “पडशील.”

“नाही येणार. आधी ऐका.” तिने एका हाताने विजेचा मीटर धरला. आईने “अगं, मीटर!” म्हणून हात उचलला, तशी तिने तो सोडून शिडी धरली. “सोमवारी मी कॉमर्स सांगणार नाही. सायन्स सांगणार आहे. मला रसायन अजिबात आवडत नाही, मला त्याचा भयंकर वैताग येतो, आणि तो वैताग पुरा केल्याशिवाय मी ते सोडणार नाही!”