गिलमोरांचा मूळपुरुष

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गिलमोरांच्या घरात शमिका सून होऊन आली, तेव्हा सासरे वाल्टर तिच्याशी बेतानंच बोलत. सूत जुळलं ते २००६ साली, त्यांच्या मूळपुरुषामुळे.

गिलमोर मूळचे स्कॉटलंडचे. तिथून प्रशियात आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित होऊन हॅनोव्हरला. वाल्टर सांगत, आठशे वर्षांपूर्वीचा आपला पूर्वज फ्रान्सकडून आलेला नॉर्मन सरदार होता. त्यांचा चुलतभाऊ रुडॉल्फ म्हणे, कसला सरदार, तिथलाच कुणीतरी साधा माणूस. यावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. शमिकाचं इंग्रजी चांगलं, म्हणून वाल्टरनी पुरावा शोधायचं काम तिच्यावर सोपवलं. "रुडॉल्फचं तोंड एकदा बंद करायचंय," ते म्हणाले.

तिनं महिनाभर इंटरनेट पालथं घातलं. शेवटी ग्लासगोच्या एका नावांच्या अभ्यासक बाईंना फोन लावला. त्यांचं उत्तर तिनं कागदावर लिहून घेतलं. आत्ता कुठे गोडीनं बोलायला लागलेल्या सासऱ्यांना हे सांगायचं कसं?

शनिवारी वाल्टर स्वयंपाकघरात श्पार्गेल या भाजीच्या पांढऱ्या कांड्या सोलत बसले होते. शमिका समोर बसली.

"पपा, गिलमोर हे नाव नॉर्मन नाहीये. स्कॉटलंडच्याच जुन्या भाषेतलं आहे. गिल्ले मोइरे, म्हणजे मेरीमातेचा सेवक. आमच्याकडे हरिदास म्हणतात ना, तसं."

सोलणं थांबलं. "आल्झो, म्हणजे रुडॉल्फचं खरं."

"नावापुरतं. तो माणूस कोण, कुठल्या घराण्यातला, हे त्या बाईंनाही सांगता येत नाही. सरदार असेल, नसेलही."

वाल्टरनी हातातली कांडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आम्ही इथे आलो तेव्हा शाळेत पोरं मला भिकारी म्हणायची. मी रडत घरी यायचो. वडील म्हणायचे, रडतोस काय, आपण सरदारांचे वंशज. रुडॉल्फ ते खोटं म्हणाला की वाटायचं, वडिलांनाच खोटं पाडतोय."

"पण त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्यांना तुमचं रडणं थांबवायचं होतं," शमिका म्हणाली. "थांबलं ना?"

"हो. थांबलं."

त्यांनी हात पुसले. चेहऱ्यावरचा ताण सैलावला होता. "मेरीचा सेवक," ते पुटपुटले आणि चक्क हसले. "माझी आई फार भाविक, तिला आवडलं असतं. मला तर भाल्याबिल्याची भीतीच वाटते."

मग उठून ते बाहेरच्या खोलीत गेले. रुडॉल्फचा नंबर त्यांना पाठ होता. शमिकाला आतून ऐकू येत होतं. आधी अडखळत, मग एकदम मोकळेपणानं, लहानपणीच्या त्यांच्या प्रशियन बोलीत. तिला त्यातलं अर्धंही कळेना. पण दोघं पुन्हा बोलत होते, एवढं कळलं. तिनं एक श्पार्गेल उचललं आणि राहिलेलं सोलायला घेतलं.