भाजलेल्या हातावर टोमॅटो

रमजानात सूर्य मावळायच्या जरा आधी ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात कोणी मरतसुद्धा नाही. सगळे तळणात असतात.

मब्रूकाही तळत होती. नवरा कधीच गेला होता, एकुलती मुलगी इन्साफ फ्रान्समध्ये ल्योनच्या इस्पितळात नर्स होती. खाणारं तोंड एकच, तरी ब्रीक ती दोन करायची: पातळ पोळीत कच्चं अंडं फोडायचं, घडी घालायची आणि तेलात सोडायचं. एक स्वतःचं, एक इन्साफचं. इन्साफचं रोज शेजारीण शादलिया खायची आणि वर "मुलगी सुखी राहो" म्हणून जायची.

त्या दिवशी इन्साफच्याच ब्रीकची घडी सुटली. अंडं तेलात पडलं आणि तेल उजव्या हातावर उडालं.

ओरडणं ऐकून शादलिया हातातल्या डावासकट धावत आली. तिच्या वैद्यकात घरातला जो डबा उघडा असेल ते औषध. मागे कॉफी होती, एकदा टूथपेस्ट. आज सुपासाठी टोमॅटोच्या लगद्याचा डबा उघडलेला होता.

"अगं, आधी पाणी तरी घालू दे," मब्रूका कळवळली.

"पाण्यानं फोड येतो, बाई! माझ्या सासूला विचार."

"तुझी सासू वारली ना?"

"पण फोडानं नाही वारली!"

हात मनगटापर्यंत लालभडक लिंपून शादलिया पळाली. तिचं सूप लागत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मायलेकींचं रोजचं बोलणं इतकं पाठ होतं, की एक जण गप्प बसली असती तरी चाललं असतं. बरी आहेस? अल्लाची कृपा. तू? अल्लाची कृपा. ईदला येतेस? बघू, यम्मा. हे 'बघू' मब्रूका तीन वर्षं बघत होती.

सवयीनं तिनं उजव्या हातानं फोन उचलायला घेतला, आणि पडद्यावर आईच्या आधी तिचा हात आला.

"यम्मा! रक्त! काय झालं हे?" इन्साफ किंचाळली. "हलू नकोस. मी येते. उद्याच्या विमानानं येते!"

'टोमॅटो' हा शब्द मब्रूकाच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. 'उद्याच्या विमानानं.' इतकी वर्षं डोळ्यांत प्राण आणून ज्याची वाट पाहिली, ते आज एका डब्यानं मिळत होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची सवय तिला या घरानं चांगली लावली होती.

"बोल ना गं! बोटं हलतात? अंगठी काढ आधी, सुजेल."

पोरीच्या ओठाला कंप सुटला होता. लहानपणी ताप चढला की असाच सुटायचा.

मब्रूकानं अंगठी काढली. नळ सोडला, पण सगळं शहर एकदम स्वयंपाक करत असताना नळाला कुठलं पाणी! मग ती फोन घेऊन अंगणात गेली, फोन कट्ट्यावर टेकवला, टाक्याचं झाकण सरकवलं आणि डाव्या हातानं पोहरा सोडला. पावसाचं साठवलेलं गार पाणी हातावर पडलं. लाल रंग वाहून गेला. खाली रुपयाएवढे दोन चट्टे उरले.

इन्साफचा चेहरा पडद्याजवळ आला.

"टोमॅटो होता," मब्रूका म्हणाली. "तू येऊ नकोस."

"शादलियाखाला?"

"हं."

"वर एक अंडं फोडायचं होतं! हाताची शक्शूकाच झाली असती!" इन्साफ हसायला लागली, मग नाक पुसायला लागली. "जीव गेला होता माझा. लगेच का नाही सांगितलंस?"

"'येते' म्हणालीस ना," मब्रूका म्हणाली. "जरा ऐकत बसले."

इन्साफनं पुन्हा नाक पुसलं.

"हात पाण्याखालून काढू नकोस," मग ती म्हणाली. "वीस मिनिटं. तेल नाही, टोमॅटो नाही. फोड आला तर फोडायचा नाही. नंतर स्वच्छ फडकं सैल गुंडाळ. मी आहे इथेच."

वीस मिनिटं! मब्रूकानं पोहऱ्यामागून पोहरा ओतला. अजान झाली, तिनं डाव्या हातानं खजूर तोंडात टाकला.

"यम्मा, पोहरा आत पडतो ना, तो आवाज ऐकव."

तिनं फोन टाक्याच्या तोंडाशी धरला. दोनदा.

"झाली वीस मिनिटं," मग इन्साफच म्हणाली. "आग होतेय अजून?"

आग केव्हाच थांबली होती. आणि हे इन्साफला, चट्टे बघितलेल्या नर्सला, कळत नव्हतं असं नाही.

"होतेय थोडी," मब्रूका म्हणाली.

"मग ठेव अजून जरा वेळ."