एकही कणी नसलेला भोपळा

छतावर भोपळ्याचा एक ठिपका. मावळत्या सूर्याच्या रंगाचा, पण दिवसभर तिथेच.

सात किलो दोनशे. तीन आठवड्यांपूर्वीही सात किलो दोनशे.

निळ्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण, चावून चावून कडा गेलेलं.

काच घासायची कुरुंदाची पूड तीन प्रकारची असते. भरड, मधली, आणि चिमटीत घेतली तर चिमूट रिकामीच आहे असं वाटायला लावणारी.

चमचा कशाला तरी लागून टिक वाजला. वाटीची कड असेल.

हे सगळं एकाच घरातलं. खाली, रस्त्याकडच्या खोलीत, तो चष्म्याच्या काचा घासायचा. वर त्याची बायको, सासू आणि नऊ महिन्यांची मुलगी. मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ठिपका तिने उडवलेला, बटण तिने चावलेलं, आणि सात किलो दोनशेही तिचंच.

वजन करणाऱ्या नर्सने आकडा लिहिला, मागचा पाहिला आणि पेनाचं टोपण नुसतंच लावत-काढत राहिली. आता नुसत्या दुधावर भागायचं नाही, म्हणाली. घरात शिजतं तेच मऊ करून द्या, दोन आठवड्यांनी या. तो शनिवार होता. बायकोला बसवर ड्रायव्हर म्हणून पुन्हा रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. सात वर्षं थांबून तिला नदीकाठचा मार्ग मिळालेला. काटा हलला नाही तर मी रजा टाकते, असं ती चालता चालता म्हणाली. सोडलेला मार्ग परत मिळत नाही हे तिने सांगितलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"तू बस सोडू नकोस," तो म्हणाला. "तिच्या खाण्याचं माझ्याकडे लागलं."

आणि तो कामाला लागला, त्याला येत होतं तसा.

सासूबाई रांधत. मीठ पडायच्या आधी भिंगरीचा वाटा वेगळा निघे, आणि तो वाटा घेऊन जावई खिडकीशी बसे. आधी काट्याने कुस्करायचं. मग चाळणीतून. मग मलमलीतून. मग डोळे मिटून एक थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये फिरवायचा, कारण काचेवरचा ओरखडा डोळ्यांआधी बोटाला कळतो. कणी लागली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. घोटता घोटता त्याची तंद्री लागे. खिडकीवर वाफ धरे, समोरची घरं विरघळत जात, रस्त्यावरून माणसं कडा नसलेली, नुसते रंग होऊन तरंगत. वाटीत पाहिलं तर तळ दिसेल असं त्याला वाटे, आणि तळाशी भिंगरी, दहा किलोची, गुबगुबीत, पाण्यातल्या चंद्रासारखी डुलणारी.

सोमवारी गाजर. थू.

मंगळवारी मटार. चमचा टिक वाजला आणि मटार त्याच्या चष्म्यावर.

बुधवारी तोंड दुकानाच्या शटरसारखं खाली. आत कुणी आहे की नाही तेही कळेना.

गुरुवारी भोपळा, आजवरचा सगळ्यात मऊ, दीड तासाचा. त्याचं काय झालं ते छतावर आहे.

"जावईबापू," सासूबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "पोरीला जेवायचंय. भोपळ्यातून पलीकडचं बघायचं नाहीये तिला."

तो हसला नाही. दुपारी बायकोचा ड्युटीचा निळा सदरा धुवायला टाकताना खिशात चार घड्या घातलेला कागद लागला होता. रजेचा अर्ज, अजून कोरा. त्याने तो होता तसा परत ठेवला आणि मलमल दुहेरी केली.

रविवारी मलमल फाटली. दुहेरीच काय, एकेरीही उरली नाही. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. भिंगरी त्याच्या मांडीवर, तिची वाटी निवत बाजूला, आणि त्याच्या ताटात तिच्याच वाट्यातून उरलेला उकडलेला बटाटा, गाजर, मटार. वरून मीठ घालायचं तो विसरला होता. बायको सांगत होती की सकाळी नदीवर धुकं इतकं होतं की पूल निम्माच होता, आणि पुढचा निम्मा असेलच अशा भरवशावर तिने बस घातली. त्याचं मन त्या निम्म्या पुलावर होतं. तेवढ्यात एक छोटा हात ताटात गेला आणि बटाट्याची फोड घेऊन तोंडात.

अख्खी फोड. न चाळलेली.

तो तिच्या तोंडात बोट घालणार, तर सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या. बघा नुसतं."

त्याने पाहिलं. दिवसभर पाहण्याचंच काम करणाऱ्या माणसाने पहिल्यांदा वाटीतून मान वर करून पाहिलं. जबडा इकडून तिकडे फिरत होता, गंभीरपणे, एखादं कोडं सोडवावं तसा. फोड मऊ होती, दबत गेली. गाल फुगला, बसला. गळा हलला. बायकोचं बोलणं मध्येच थांबलेलं. धुकं, पूल, बस, सगळं आपापल्या जागी उभं.

मग भिंगरीने त्याच्याकडे तोंड वळवलं आणि आ केला.

त्याने काट्याने बटाटा दाबला. एकदाच. दुसऱ्यांदा दाबायला बोटं शिवशिवत होती, ती त्याने मांडीखाली घेतली. काट्यावर कण्या दिसत होत्या. चार. नाही, पाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कणी पाहिली आणि जाऊ दिली.

त्या आठवड्यात ती सगळ्यांच्या ताटातलं जेवली. मीठ आता पातेल्यात पडतच नव्हतं. ज्याने त्याने आपल्या ताटात वरून घ्यायचं. पहिले दोन दिवस सासूबाईंनी कुरकूर केली, मग त्याच मिठाची वाटी फिरवू लागल्या. शनिवारी नर्सने काटा दोनदा पाहिला. सात किलो तीनशे पन्नास. या वेळी टोपण एकदाच लागलं.

बायकोला दुपारची पाळी होती. जाताना तिने खिशातला कागद काढला, अजून एक घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली सारला.

भिंगरीचा खालचा पहिला दात आला होता तो मटारच्या मंगळवारी. चमचा टिक वाजला तो वाटीच्या कडेवर नव्हे, त्या दातावर.