दीड सेकंदाचा धंदा

“गेला,” कीथ ओल्ड्रॉइड म्हणाला, आणि चार जणांची चार बोटे एकदम चार बटणांवर पडली.

काचेबाहेर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, लाल टोपीवाल्या स्वाराचा घोडा अजून सगळ्यांच्या पुढेच होता. कुंपणावरून उडीही त्याने झकास मारली होती. पण उतरताना त्याची मान वीतभर खाली गेली, आणि ती कीथने पाहिली. खोलीतल्या टीव्हीवर तोच घोडा अजून उडी मारायचा होता. टीव्हीचे चित्र आकाशात कुठल्याशा उपग्रहाला वळसा घालून येते, त्याला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात कुठेतरी कोचावर पाय पसरून बसलेला एखादा पेन्शनर पोस्टमन “लाल टोपी जिंकणार” म्हणून फोनवर पैसे लावतो. इकडे हे पाच जण “हरणार” म्हणून त्याची पैज उचलतात. शर्यत चालू असताना अशी दोन्ही बाजूंनी पैज लावायची सोय निघाली, तेव्हापासून हा धंदा निघाला. दुसरा शब्द सुचत नाही म्हणून धंदा म्हणायचे. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टीखालून बघणारी मुले मोठेपणी काय करतात, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर त्याने विदरडेलच्या रेसकोर्सवर, दुसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत डोकावावे.

पाचांपैकी एकानेही जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. घोड्यांची नावे त्यांना ठाऊक नसत, टोप्यांचे रंग तेवढे पाठ असत. खाली लोक टोप्या उडवत, नाचत, रडत. वर कोणी खुर्चीवरून उठतही नसे. कीथ त्यांचा डोळा होता. छप्पन्न वर्षांचा, दुर्बिणीने नाकावर कायमचा वळ पडलेला, चेहरा भिंतीसारखा. थकलेला घोडा आपण थकलोय हे स्वतःला कबूल करायच्या आत कीथला कळत असे. शंभरात पाच वेळा तो चुके, पण ती धंद्यातली तूट म्हणून सगळ्यांना मान्य होती. त्याचा नियम एकच होता, आणि तो त्याने बाकीच्यांकडूनही घोकून घेतला होता. ‘गेला’ म्हटलेल्या घोड्याकडे पुन्हा बघायचे नाही. नजर पुढच्यावर.

“कीथ, सावरतोय की रे तो,” ग्रॅहम म्हणाला. तो नवीन होता.

“मी बघत नाही. तूही बघू नकोस. निळी टोपी बघ.”

लाल टोपी चौथी आली. कीथला ते ग्रॅहमने सांगितले तेव्हा कळले.

फोन तेवढ्यात तिसऱ्यांदा थरथरला. इस्पितळाचा होता. दोन शर्यतींच्या मध्ये पंचवीस मिनिटे असतात, म्हणून त्याने उचलला.

“मिस्टर ओल्ड्रॉइड? वॉर्डमधून नर्स ब्रोना बोलतेय. अहो, तुमचे वडील बारा वाजल्यापासून कोट घालून बसलेत. आज घरी सोडतोय त्यांना. सकाळी निरोप ठेवला होता, मिळाला ना?”

कीथने दुर्बीण टेबलावर ठेवली.

“ऐकू येतंय का? घरी सोडतोय.”

“कोणाच्या घरी?” कीथने विचारले.

“अहो, त्यांच्या. आणखी कोणाच्या?”

भिंतीसारख्या चेहऱ्याचा रंग त्या दिवशी पहिल्यांदा उडाला, आणि तो पाहायला मी तिथे असायला हवा होतो असे मला अजून वाटते. कारण त्यांचे घर उरलेच नव्हते. ते कीथने सोडून दिले होते.

सात आठवड्यांपूर्वी त्याच्या म्हाताऱ्या बापाला, एनॉकला, न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी कीथ वॉर्डाबाहेर उभा असताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि चालता चालता त्यांनी फाइल मिटली. कीथने त्यांचे तोंड पाहिले, आणि मनात म्हणाला, गेला. तसाच निघून तो घरवाटप कचेरीत गेला. एनॉक नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहत होते, आणि ते सोडायचे तर चार आठवड्यांची नोटीस लागते. मेहुणीने आपल्या आईचे भाडे ती वारल्यावरही सहा आठवडे भरले होते. कीथ त्यावर वर्षभर हसला होता. आपण सगळ्यांच्या आधी पोचलो, याचा त्याला जिना उतरताना अभिमान वाटला. कपडे चार काळ्या पिशव्यांत भरून गॅरेजमध्ये गेले, बाकीचे मिळेल त्याला गेले. नंतर तो बापाला दोनदा भेटला, दहा-दहा मिनिटे, आणि दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत बसला.

कीथ वॉर्डात पोचला तेव्हा एनॉक कोट गळ्यापर्यंत लावून, टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पन्नास वर्षे घोड्यांना नाल ठोकलेले. हात अजून फावड्यासारखे होते, बाकीचे शरीर कोटात हरवले होते.

“उशीर केलास.”

“रस्त्यात गर्दी होती, बाबा.”

“शर्यत होती म्हण.”

“आजोबांनी कमाल केलीय हां,” ब्रोना म्हणाली. “रोज दोनदा जिना. तीन पायऱ्या वर, तीन खाली. घराला तीनच आहेत म्हणे, त्याच्या वर एक चढायला तयार नाहीत.”

“चौथी काय तुझ्या घरी येऊन चढू?” एनॉक म्हणाले. ती हसली, आणि त्यांच्या गळ्याशी मफलर नीट खोचून दिला.

गाडी चौकात आल्यावर कीथने उजवीकडे वळवली.

“डावीकडे,” एनॉक म्हणाले. “आजारी मी होतो, वाट तू विसरलास?”

“आमच्याकडेच चला ना थोडे दिवस. मॉरीनने स्ट्यू केलाय.”

“तुझ्या बायकोचा स्ट्यू मी खाल्लाय. आत्ता कुठे उठलोय, मला परत पाडू नकोस. घरी सोड.”

“घर नाहीये, बाबा.”

“म्हणजे? जळलं?”

“सोडलं. मी सोडलं. किल्ल्या कचेरीत दिल्या.”

एनॉकनी गळ्याचा मफलर सैल केला. मग म्हणाले, “कोणाच्या सहीने?”

“मुखत्यारपत्र होतं ना माझ्याकडे.”

“ते विजेचं बिल भरायला दिलं होतं. कधी सोडलंस?”

“नोटीस तिसऱ्या दिवशी दिली.”

“तिसऱ्या दिवशी मी काय करत होतो?”

“काही नाही. नळ्या होत्या सगळीकडे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांचं तोंड पाहिलं मी.”

“आणि काय म्हणाल्या?”

“काही नाही. मी थांबलोच नाही.”

“बरं. दहाव्या दिवशी नळ्या काढल्या. तिसऱ्या आठवड्यात मी चालायला लागलो. तेव्हा कचेरीत जाऊन सांगता आलं असतं की नाही, म्हातारा आहे अजून म्हणून?”

सांगता आले असते. कचेरी पाच मिनिटांवर होती, आणि चार आठवडे पुरे व्हायच्या आत एक चिठ्ठी दिली असती तरी काम झाले असते. पण कीथच्या ते डोक्यातच आले नाही. वीस वर्षे ज्याने मागे वळून बघायचे नाही एवढीच एक विद्या कमावली, त्याला बाप मागे उभा आहे हे दिसणार तरी कसे? लोक अशा माणसाला हुशार म्हणतात. मी त्याला काय म्हणतो ते मासिकात छापता येणार नाही.

“माझी ऐरण?” एनॉकनी विचारले.

“पबवाल्याने घेतली. शोभेला.”

“काय ठेवलंय तिच्यावर?”

कीथने गिअर बदलला. “कुंडी. फुलांची.”

“हं,” एनॉक म्हणाले. “घर दाखव मला.”

“कशाला, बाबा? त्रास होईल.”

“दाखव म्हटलं ना. घोडागाडी असती तर मीच हाकली असती.”

घराच्या खिडकीला पिवळे पडदे लागले होते. रंगाचे डाग पडलेले कपडे घातलेली एक तिशीची बाई दाराला खांदा लावून ढकलत होती आणि दार हलत नव्हते. कीथने गाडी समोरच्या फुटपाथला लावली आणि इंजिन चालूच ठेवले. एनॉकनी स्वतः दार उघडले, पाय बाहेर टाकले, छतावर हात रोवून उठले. कीथ जागचा हलला नाही. सवयीने त्याचा हात फोनकडे गेला. चार चाळीसची शर्यत सुटली होती. एक अक्षर न वाचता त्याने तो मांडीवर उलटा ठेवला. माझ्या माहितीत त्याने आयुष्यात लाजेपोटी केलेली ही एकमेव गोष्ट, आणि तीही कोणी बघत नसताना.

खिडकी अर्धी उघडी होती. सगळे ऐकू येत होते.

“कोण हवंय?” बाईने विचारले.

“कोणी नको. दार अडतंय ना?”

“सकाळपासून तिसऱ्यांदा. कचेरीत कळवलं तर म्हणतात पंधरा दिवस लागतील.”

“त्यांच्या बापाला पण जमणार नाही. खांदा लावायचा नाही, पोरी. मूठ धर, आधी वर उचल, मग ढकल. बघू.”

एनॉक कठडा न धरता तीन पायऱ्या चढले. वर पोचल्यावर क्षणभर श्वास घेत उभे राहिले. त्यांच्या मोठ्या हाताने तिचा हात मुठीवर नीट बसवला.

“असा. घोड्याचा पाय उचलतात ना, तसं. घाई केली की लाथ बसते.”

दार उघडले. बाई हसली. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“एकतीस वर्षं उचललंय.”

तिचे हसू थांबले. “म्हणजे हे तुमचं… मला कोणी सांगितलं नाही हो. मला वाटलं, आधीचे गृहस्थ वारले.”

कीथने स्टिअरिंगवरची बोटे आवळली. आता एनॉक वळतील, गाडीकडे बोट दाखवतील, आणि दाखवायलाच हवे होते.

“छे, छे,” एनॉक म्हणाले. “मुलाकडे राहायला चाललोय. त्याचाच फार आग्रह. एकट्याला ठेवायला तयार नाही.”

“नशीबवान आहात.”

“तर काय. थंडीत जास्त अडतं ते. आता आत जा आणि लावून बघ, म्हणजे मला कळेल जमलं की नाही ते.”

ती आत गेली. तिने मूठ धरली, उचलली, ढकलली. दार पहिल्याच खेपेला घट्ट लागले, आणि एनॉक बाहेर पायरीवर उभे राहिले.