पुढच्या मेळ्याला बघू

मी एक जुना कर्णा आहे. कोणी मला भोंगा म्हणतात. मित्रांनो, लग्नात, निवडणुकीत, कुस्त्यांच्या मैदानात तुम्ही मला ऐकले असेल आणि कानांवर हातही ठेवले असतील. माझे तोंड मोठे आहे, त्याची मला लाज वाटत नाही. पण या मोठ्या तोंडात स्वतःचा एकही शब्द नाही. तारेतून जे येते तेवढेच मी बोलतो. मागच्या वर्षीपर्यंत मला त्याचे कधी दुःख झाले नव्हते.

सांगलीतल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. विट्याच्या इमामचाचांनी मला विकत घेतले. प्रत्येक कार्यक्रमानंतर ते मला ओल्या फडक्याने पुसत आणि तारेचा जोड स्वतः झाळून पक्का करत. "कर्ण्याचा जीव जोडात असतोय," असे ते म्हणत. ते दिवस माझ्या मानाचे होते. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि मी माईकवाल्या बाळासोकडे आलो. बाळासो तोंडाने गोड, पण कामाला उद्याचा वायदा. जोड सैल झाला की तो वर काळी टेप गुंडाळायचा, मला दोन थपडा मारायचा आणि म्हणायचा, "चालतंय की. पुढच्या मेळ्याला बघू." असे चार मेळे गेले. जोडावर टेपचे गाठोडे झाले आणि आत तांब्याची जेमतेम एक तार उरली.

हा मेळा आटपाडीजवळच्या माळावर दर हिवाळ्यात भरतो. गजीनाच, माडग्याळी मेंढे, घोंगड्यांची दुकाने, बाजरीच्या भाकरीचा वास. मला उंच खांबावर बांधतात, म्हणून मला मैदानामागच्या बाभळीही दिसतात आणि बाभळींमागचा कालवाही. त्याचे काठ सिमेंटचे, उतरते, शेवाळलेले. एरवी तो कोरडा असतो. मागच्या वर्षी मात्र पाणी सोडले होते, आणि खाली नाचगाण्यात रमलेल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

कुंडलहून एक कुटुंब जीपने आले होते. म्हातारे केरबा, त्यांची बायको रंगूबाई, मुलगा सयाजी आणि नात अंकिता. केरबांना दोन वर्षांपासून विसर पडत होता. जेवलो की नाही हे आठवत नसे, पण आपला ऊस त्यांना पक्का आठवत होता. अंकिताला मेंढे बघायचे होते. सयाजी जाताना म्हणाला, "आयं, आबांचा हात सोडू नगंस." रंगूबाईंनी हात सोडला नाही. पण घोंगडी पारखायला दोन हात लागतात. त्यांनी लोकर चोळून पाहिली, मागे वळल्या, तर केरबा नव्हते.

मी त्यांना पाहत होतो. दुकानांच्या मागे ते थबकले होते. त्यांना पाण्याचा आवाज आला होता. ज्याने आयुष्यभर उसाला पाणी पाजले, त्याच्या लेखी त्या आवाजाचा अर्थ एकच, आपली पाण्याची पाळी आली. त्यांनी चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या, धोतर वर खोचले आणि बाभळींकडे चालू लागले. मित्रांनो, मी सगळे पाहत होतो, आणि माझ्यातून शेंगदाण्याच्या लाडवांची जाहिरात चालली होती.

रंगूबाई माझ्या खांबाखाली बाळासोच्या टेबलाशी आल्या. सयाजीला फोन लावून झाला होता, पण ढोलांच्या दणदणाटात तो त्याला ऐकू येत नव्हता.

"मालकांचं नाव काय, आजी?"

"सयाजीचं वडील."

"आवं, असं किती सयाजी असतील हितं. नाव सांगा की."

"मी कवा घेतलं न्हाई त्यांचं नाव."

"मग उखाण्यात घ्या," बाळासो हसला. त्याला कालवा दिसत नव्हता. शेवटी त्याने आपल्या मनाने पुकारले, "पांढरा सदरा, धोतर, डोक्याला टोपी, असं आजोबा कुणाला दिसलं तर हितं आणून सोडा." खाली निम्म्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिले. केरबा शेवटच्या बाभळीपाशी पोचले होते.

मग रंगूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि माईक ओढून घेतला. "केरबा," त्या म्हणाल्या. "कुंडलचं केरबा." पन्नास वर्षांत त्या नवऱ्याचे नाव पहिल्यांदा घेत होत्या. लोकांना गंमत वाटली, कोणी टाळ्याही वाजवल्या. माझ्या अंगात होते नव्हते ते बळ लावून मी ते नाव कालव्याकडे फेकले. केरबा वळले नाहीत. कसे वळतील? त्या आवाजात ते नाव त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. त्यांचा एक पाय उतारावर पडला. माझा जोड चर्रर्र वाजू लागला.

एवढी लाज सोडून नाव घेतले तरी माणूस येत नाही, म्हणून रंगूबाई चिडल्या. घरात ओरडावे तशा त्या ओरडल्या, "आवं, ऐकलं का? कुठं चाललाय? च्या निवाय लागलाय!"

केरबा थांबले. वळले. आणि आभाळात तिला शोधू लागले.

तेवढ्यात माझी तार तुटली. रंगूबाई मुक्या माईकमध्ये हाका मारतच राहिल्या. थोड्या वेळाने केरबा आपण होऊन परत आले आणि त्यांनी चहा मागितला. त्यांचा एक पाय घोट्यापर्यंत ओला होता, हिरवे शेवाळ लागलेला. रंगूबाईंनी तो पदराने पुसला. बाळासोनेही तो पाय पाहिला. त्याच संध्याकाळी त्याने सगळी टेप कापून काढली आणि जोड झाळून घेतला.

आज पुन्हा मेळा आहे. माझा आवाज लख्ख जातो. कुंडलची जीप सकाळीच आली. तिघेच उतरले. रंगूबाई श्रावणात गेल्या. केरबा माझ्या खांबाखाली बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. अंकिता "आबा, चला की," म्हणत होती, पण ते हलत नव्हते. मग तिला मेंढे बघायचे होते, आणि सयाजी म्हणाला, आबा हितंच बसत्यात, आत्ता येतो आपण.

मित्रांनो, तुटलेला जोड झाळता येतो. गेलेली हाक कशाने झाळणार? आपल्या माणसाचा हात धरायचे काम पुढच्या मेळ्यावर टाकू नका. कालव्याला याही वर्षी पाणी आहे. माझ्यातून लाडवांची जाहिरात चालली आहे. आणि केरबांनी आत्ताच चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तुमच्यापैकी कोणी जवळ असेल तर धावा. मला ओरडता येत नाही.